पालथा हात

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास, आम्ही कसारा घाट चढून घाटनदेवीपाशी थांबलो. गाडीत सहा माणसं आणि टपावर लग्नाहून परत आणलेली भांडीकुंडी. गिअर काढून मी इंजिन तसंच चालू ठेवलं आणि तेवढ्यात डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लुकलुकला. ॲक्सिलरेटरवर जरा पाय दिला की तो विझायचा, पाय उचलला की पुन्हा लागायचा. पाण्याच्या तापमानाचा काटा मात्र मधोमध, रोजच्या जागेवर उभा होता. मी इंजिन बंद केलं. सगळी देवीच्या दर्शनाला गेली. मी बॉनेट उघडून उन्हात उभी राहिले.

तासाभराने पट्टी काढून पाहिली. तेल खालच्या खुणेला टेकलं होतं आणि ते बदलायची वेळ केव्हाच उलटून गेली होती. चूक माझी होती, गाडीची नव्हती. तेल घालून, हळूहळू नाशिकला आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाचांच्या गॅरेजमध्ये होते. चाचा वीस-पंचवीस वर्षं ही गाडी बघतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पाण्याचा काटा कसा मध्यावर होता, हे मी त्यांना दोनदा सांगितलं, तेव्हा हात पुसत ते म्हणाले, "ताई, पाण्याचं राहू द्या. तेल किती तापलं होतं, ते सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. उष्णता आणि तापमान यांतला फरक सांगताना घसा कोरडा पडेपर्यंत बोलले. आणि माझ्याच गाडीच्या पोटात जे तेल फिरत होतं, त्याचं तापमान किती, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

ही गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९९६ सालची महिंद्रा आर्माडा. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशांतून त्यांनी ती घेतली. तिच्यात प्यूजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन आहे. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, नावातच सगळं आलं. क्षमता २११२ सीसी. मूळ आराखडा फ्रेंच, पण ही इंजिनं परवान्याखाली इगतपुरीला बनत. अण्णांना त्याचं अपार कौतुक. त्यांची सारी नोकरी इगतपुरीत झाली आणि माझाही जन्म तिथलाच. "इंजिन आपल्या गावचं आहे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला बॉनेट उघडून सांगत. ज्या घाटाच्या माथ्यावर ते इंजिन जन्मलं, तो घाट ते कसं चढतं हे दाखवायला पाहुण्यांना मुद्दाम कसाऱ्यापर्यंत खाली नेत आणि वर आणत.

अण्णा कॅरेज-वॅगन खात्यात होते. थळ घाटातली, म्हणजे कसारा घाटातलीच, रेल्वे १८६५ मध्ये सुरू झाली. चढ ३७ ला १ असा, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. गाड्यांना कसाऱ्याला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागत, ती इगतपुरीला सुटत. शिवाय त्या काळी मुंबईकडची डीसी वीज इगतपुरीला संपायची आणि पुढे एसी सुरू व्हायची, त्यामुळे मुख्य इंजिनही तिथेच बदलायचं. गाडी थांबे त्या तेवढ्या वेळात अण्णा आणि त्यांचे सोबती गाडीच्या कडेने चालत जात. प्रत्येक चाकाच्या ॲक्सल बॉक्सवर हात ठेवत. तळवा नाही, पालथा हात. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, पालथाच का? ते म्हणाले, "पालथ्या हाताला लवकर कळतं. आणि भाजला तरी पकडायचा हात शाबूत राहतो."

जुन्या मालडब्यांत आस पितळेच्या बेरिंगमध्ये फिरे आणि तेलात भिजवलेल्या सुताच्या बोळ्यांतून त्याला तेल मिळे. फिरणारा आस आणि बेरिंग यांच्या मध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, तो टिकला तर डबा हजार मैल जातो. पापुद्रा तुटला तर धातू धातूला घासतो, वरचा पांढरा धातू वितळतो आणि पुढे आसच मोडायची पाळी येते. त्याला 'हॉट ॲक्सल' म्हणत. असा बॉक्स हाताला लागला की अण्णा शिट्टी वाजवत आणि तो डबा गाडीतून कापला जाई. रात्री घरी आल्यावर आई त्यांच्या हाताकडे बघे. डाव्या हाताच्या बोटांच्या मागच्या पेरांवरचे केस कधी वाढलेच नाहीत.

चाचांनी इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं. बिगएंड बेरिंगवर बारीक रेघा उठल्या होत्या. क्रँक वाचला होता. बेरिंगचा एक अर्धगोल माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी नखाने रेघ दाखवली. मला एकदम तो सुताचा बोळा आठवला. १८६५ चा मालडबा असो की १९९६ ची आर्माडा, गोष्ट एकच: दोन धातूंच्या मधला काही मायक्रॉन जाडीचा, केसाहून कितीतरी पातळ असा तेलाचा पापुद्रा. सगळा डोलारा त्याच्यावर.

मग पाण्याचा काटा मधोमध का होता? कारण तो तसा राहावा म्हणूनच थर्मोस्टॅट असतो. पाणी ऐंशीच्या पुढे गेलं की तो उघडतो, रेडिएटरकडची वाट मोकळी करतो आणि पाणी ठरावीक पट्ट्यात सांभाळतो. पंखा, रेडिएटर, टाकीतलं पाणी हे सगळं धडधाकट असेल, तर इंजिन रिकामं उतरत असो की सहा माणसं घेऊन चढत असो, काटा फारसा हलत नाही. आमच्या गाडीत तेलाची अशी कोणी काळजी घेत नाही. त्याला वेगळा कूलर नाही. पिस्टनच्या बुडाला लागून, बेरिंगांतून पिळून निघून, ते चेंबरमध्ये परत पडतं आणि बाहेरच्या वाऱ्याने जेवढं निवेल तेवढं निवून पुन्हा वर जातं. इंजिनाला किती कष्ट पडले, हे त्या तेलाला माहीत असतं.

तेलाच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं. ते आपण दुकानात मागतो, पण त्याचा अर्थ सहसा कोणी सांगत नाही. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा १०० अंशांना तेल किती दाट राहतं त्याचा. हे तेल ४० अंशांना असतं त्याच्या सात-आठ पट पातळ १०० अंशांना होतं. तेवढं पातळ होणं अपेक्षितच आहे, इंजिन त्याच हिशेबाने बनवलेलं असतं. ९० ते ११० हा त्याचा सुखाचा पट्टा. घाटात १२० पर्यंत गेलं तरी चांगलं तेल निभावतं. पण १३० च्या पुढे साधं खनिज तेल भराभर जळकट होऊ लागतं. ढोबळ नियम असा की दर १० अंशांना तेलाचं ऑक्सिडेशन दुप्पट वेगाने होतं. आणि तेल फार पातळ झालं की बेरिंगांच्या फटींतून ते भसाभस निसटतं. धावताना पंप जोरात फिरतो म्हणून दाब टिकतो. घाटमाथ्यावर गाडी उभी केली, इंजिन मंदावलं, की पंपही मंदावतो आणि लाल दिवा लागतो. घाटनदेवीपाशी झालं ते हेच. त्यातून माझ्या चेंबरमध्ये तेल कमी होतं, म्हणजे तेवढीच उष्णता थोड्या तेलाने वाहायची.

बेरिंगं बदलली, नवं तेल पडलं, गाडी घरी आली. आणि मी ठरवून टाकलं की आता हिला घाटात न्यायची नाही. तिशीकडे आलेली गाडी. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, त्या सगळ्या खेपा मी अण्णांच्या आठवणीखातर आनंदाने घातल्या होत्या. तिला जपायचं म्हणजे भाजीबाजार, बँक, कधी गंगेवर, म्हणजे गोदेवर, झालं. पाच-सहा किलोमीटरच्या आत. आईचंही तेच चाललं होतं. तिचे गुडघे दुखू लागल्यापासून कोपऱ्यावरच्या गणपतीपलीकडे मी तिला जाऊ देत नव्हते. तिचं माहेर खर्डीचं, घाटाखाली. "एकदा तरी घाट उतरू," असं ती मधूनमधून म्हणे. मी "बघू" म्हणत असे.

पण चाचांचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. शेवटी मीच त्यांना म्हटलं, "चाचा, तेलाचा काटा बसवायचा."

त्यांना बसवायला आनंदच होता, वाद झाला तो कुठे बसवायचा यावर. सेन्सर म्हणजे पितळेच्या छोट्या बोल्टच्या पोटात बसवलेला एक दाणा. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो. एक वायर त्याच्यापासून काट्याकडे जाते आणि परतीचा रस्ता इंजिनाच्या लोखंडातूनच. जागा तीन. जिथे तेलाच्या दाबाचा स्विच आहे, तिथे टी जोडून बसवणं सगळ्यांत सोपं. पण ती गल्लीच्या टोकाची बंद जागा. तिथे दाब पोचतो, तेल वाहत नाही. काटा नेहमी उशिरा आणि कमी दाखवणार. दुसरी जागा फिल्टर आणि इंजिनाच्या मध्ये जाड चकती घालून. तिथून सगळं तेल वाहतं, म्हणून ती उत्तम, पण फिल्टर खाली येतो आणि तेल गळायला दोन नवे सांधे तयार होतात. तिसरी जागा चेंबरचं बूच. तेल काढायचं तेच बूच, फक्त पोकळ करून त्यात सेन्सर बसवायचा.

मी फिल्टरच्या बाजूची होते, चाचा बुचाच्या. "ताई, चेंबरमधलं तेल म्हणजे दिवसभर राबून घरी आलेला माणूस," ते म्हणाले. "किती राबला ते त्याच्या तोंडावरच दिसतं." मला ते पटलं. बेरिंगात तेल याहून दहा-वीस अंश जास्त तापत असेल, पण चेंबरमधला आकडा स्थिर असतो आणि रोज एकाच जागी मोजला की तुलना करता येते. खालून दगड लागायची भीती होती, त्यासाठी त्यांनी लोखंडी पट्टीचं छोटं कवच वाकवून द्यायचं कबूल केलं. जुन्या बुचाचे आटे मोजून सातपूरच्या एका लेथवाल्याकडून नवं बूच करून घेतलं. ते हातात आलं तेव्हा त्याच्या कडा इतक्या साफ होत्या की मी दोन दिवस ते टेबलावर ठेवून नुसतं बघत होते.

सेन्सर बसवण्याआधी मी तो घरी तपासला. स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी, त्यात शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना थर्मामीटर, सेन्सरला दोन वायरी आणि त्या मल्टिमीटरला. आई खुर्ची घेऊन बसली. पाणी ६० अंशांना आलं तेव्हा रोध सुमारे २२० ओहम होता आणि पाणी उकळलं तेव्हा ६५ च्या आसपास. थर्मामीटर ९८ वर अडला होता. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, इथे पाणी ९८ लाच उकळतं, हे मी वर्गात शेकडो वेळा सांगितलंय. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणून इगतपुरीला डाळ शिजायला वेळ लागायचा." मग तिने विचारलं, हे तेलासाठी आहे ना, मग पाण्यात का बुडवतेस? मी म्हटलं, आकडा पारखायला. ती म्हणाली, "तेल तापलंय का ते मी पिठाचा थेंब सोडून बघते. थेंब तळाशी बसला तर थंड, लगेच वर येऊन फुलला तर झालं, आणि काळा पडला तर गॅस बारीक करायचा." मला त्या तीन वाक्यांत अख्खा काटा दिसला: कमी, योग्य, जास्त. मी ते तिला म्हटलंही. ती खूश झाली.

एका रविवारी सकाळी चाचांनी गाडी जॅकवर घेतली. तांब्याचा वायसर त्यांनी आधी स्टोव्हवर लाल केला आणि पाण्यात बुडवला. असा तापवून निववलेला तांब्याचा वायसर मऊ पडतो आणि बुचाखाली नीट बसतो. काटा स्टिअरिंगच्या डावीकडे बसवला. गोल, काळ्या तोंडाचा, ५० पासून १५० पर्यंत. इग्निशन लावल्यावर तो थरथरला आणि ५० वर टेकला. मी चाचांच्या पोऱ्याला पेढे आणायला पाठवलं.

पहिल्या दिवशी त्र्यंबकला जाऊन आले. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. काटा ७० च्या वर गेला नाही. मला फार बरं वाटलं, आपली गाडी किती थंड चालते असं. घरी येऊन गाडी लावली आणि का कोण जाणे, खाली वाकून मी चेंबरला हात लावला. पालथा. अर्धा सेकंदही ठेवता आला नाही. ७० अंशांचा चटका असा नसतो. माझ्या हातालाही असलं काही कळतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं, पण हा शंभराच्या जवळपासचा होता.

चाचांकडे गेले. त्यांनी सेन्सर सोडवला आणि बघताक्षणी कपाळाला हात लावला. पोऱ्याने तेल गळू नये म्हणून सेन्सरच्या आट्यांवर चार वेढे टेफ्लॉन टेप गुंडाळला होता. नळाला गुंडाळतात तसा, चांगल्या हेतूने. पण या सेन्सरचा परतीचा रस्ता त्या आट्यांतूनच जातो. टेपमुळे लोखंडाशी संबंध अर्धवट तुटला, वाटेतला रोध वाढला, आणि जास्त रोध म्हणजे थंड तेल अशीच काट्याची समजूत. म्हणून तो खरं तापमान असेल त्याहून कमी दाखवत राहिला. बंद पडलेल्या काट्याने माणूस निदान सावध होतो. हा तर मला समाधान देत होता. टेप काढला, आटे घासून साफ केले, पुन्हा बसवलं. पोऱ्या घाबरून उभा होता. मी त्याला जवळ बोलावून आकृती काढून दाखवली, वीज कुठून येते आणि कुठून परत जाते. त्याने ती नीट बघितली आणि पुढच्या वेळी गेले तेव्हा दुसऱ्या एका गाडीच्या सेन्सरबद्दल त्याने मलाच सांगितलं, "मॅडम, याला टेप नाही लावला."

त्यानंतरचे दोन-तीन महिने मी वही घेऊन गाडी चालवली. निघताना, पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी, पोचल्यावर. आणि त्या वहीने मला जे दाखवलं त्याची मला कल्पना नव्हती.

अण्णा हिवाळ्यात गाडी सुरू करून दहा मिनिटं जागेवर उभी ठेवत. "तिला जागी होऊ दे," म्हणत. नाशिकला डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, न्हाणीघरात खोबरेल तेलाची बाटली थिजते. त्यामुळे ते मला अगदी योग्य वाटे आणि मीही तेच करत आले. हीटर प्लगचा दिवा विझला की चावी फिरवायची आणि मग चहाचा कप हातात घेऊन वाट बघायची. काट्याने सांगितलं की दहा मिनिटांनी पाणी गरम होऊ लागलेलं असतं, पण तेलाचा काटा ५० वरून उठलेलाही नसतो. रिकामं डिझेल इंजिन इतकी थोडी उष्णता निर्माण करतं की चेंबरपर्यंत ती पोचतच नाही. त्याऐवजी मिनिटभरात निघून हळू चालवलं, तिसऱ्या गिअरच्या पुढे घाई केली नाही, तर वीसेक मिनिटांत तेल ८० ला येतं. म्हणजे अण्णांची ती सवय चूक होती. हे वहीत लिहिताना माझा हात थांबला होता. पण ते स्वतः असते तर त्यांनीच आधी काटा बघितला असता आणि सवय बदलली असती. हात लावल्याशिवाय त्यांनी कोणताही डबा पास केला नव्हता.

खरा धक्का त्याहून साध्या नोंदींत होता. घर ते भाजीबाजार: पोचताना ५५. घर ते बँक: ६०. बाजारातून परत: ६५. महिनाभर पानंच्या पानं अशीच. जिला जपायचं म्हणून घाटात नेत नव्हते, ती गाडी महिन्याभरात एकदाही पुरती तापली नव्हती. मी तेल भरायचं झाकण उघडलं. आतून पिवळसर, फेसाळ साय जमली होती. डिझेल जळताना पाण्याची वाफ होते, त्यातली थोडी पिस्टनच्या कडेने खाली उतरते आणि तेलात मिसळते. तेल शंभराजवळ गेलं, तिथे काही वेळ राहिलं, तर हे पाणी उडून जातं. नाही गेलं तर साचतं, आम्ल बनतं, बेरिंगला आतून खातं. घाटात एका दुपारी मी इंजिनाला जे केलं, ते सगळ्यांना दिसलं, दिवा लागला. पण त्यानंतर रोज, प्रेमाने, सावकाश, पाच-पाच किलोमीटर चालवून मी जे करत होते, त्यासाठी कुठलाच दिवा नव्हता.

मी ती साय बोटाने पुसली, तेल बदललं, आणि आईच्या खोलीत जाऊन म्हटलं, नवरात्रात खर्डीला जाऊ या.

तिने जणू पिशवी भरूनच ठेवली होती. २०२५ च्या जूनपासून इगतपुरीहून समृद्धी महामार्गाच्या बोगद्यातून घाटाखाली जाता येतं, काही मिनिटांत डोंगर संपतो. भाच्याने तोच रस्ता सुचवला. आई म्हणाली, बोगद्यातून काय दिसणार? तेव्हा मुंबई-आग्रा रस्त्यानेच गेलो. ती पुढच्या सीटवर बसली. मी तिला काटा दाखवला, खुणा समजावल्या: ११० पर्यंत निवांत, १२० ला मला सांगायचं, १३० ला ओरडायचं. मोतिबिंदू काढल्यापासून तिची नजर माझ्याहून चांगली आहे.

उतरताना काटा खाली येत गेला, ९८ वरून ८६ पर्यंत. गिअरमध्ये उतरताना डिझेल जवळजवळ जळतच नाही, इंजिन नुसतं हवा ओढत राहतं. आईला हे फार आवडलं. "उतारावर तीही दम खाते," ती म्हणाली. खर्डीला मामांच्या घरी जेवण झालं, ओटीचं सामान मामींनी बांधून दिलं आणि चारच्या सुमारास आम्ही परत फिरलो.

कसाऱ्यानंतर चढ लागला. पावसाळा नुकताच सरला होता, कातळांतून अजून पाणी झिरपत होतं. मी तिसरा टाकून ॲक्सिलरेटर दाबत राहिले. आई वाचत होती. शंभर. एकशे पाच. एकशे दहाला पोचला. एका वळणावर पुढे कंटेनर होता, मी तिसऱ्यातच रेटत राहिले आणि इंजिन गुरगुरू लागलं. "एकशे सोळा," आई म्हणाली. मग, "अठरा." मी दुसरा टाकला. आवाज मोकळा झाला. एकेका धक्क्यावरचा भार कमी झाला, पंखा आणि पंप जोरात फिरू लागले, वेग थोडा पडला. मागच्याने हॉर्न वाजवला. मी डावीकडे सरून त्याला जाऊ दिलं. पुढचं वळण, त्यापुढचं वळण. "अठरालाच आहे," ती म्हणाली. मग बराच वेळ काहीच बोलली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आहे तिथेच आहे. तू रस्ता बघ." दूर खाली दरीच्या बाजूला रेल्वेचा पूल दिसला. त्यावरून एक मालगाडी चढत होती. मागे बँकर लागलेले, इतक्या सावकाश की डबे मोजता आले असते. आईने पहिल्यांदाच काट्यावरून नजर काढून तिकडे बघितलं. गाडी बोगद्यात शिरेपर्यंत बघत राहिली आणि मग पुन्हा काट्याकडे वळली.

घाटनदेवीपाशी मी गाडी बाजूला घेतली. त्याच जागी, त्याच झाडाखाली. गिअर काढला. इंजिन मंदावलं. आम्ही दोघी लाल दिव्याच्या जागेकडे बघत होतो. तो लागला नाही. मी चावीकडे हात नेला.

"थांब," आई म्हणाली. "लगेच बंद नको करूस. अण्णा नाही करायचे."

खरंच नाही करायचे. घाट चढून आल्यावर ते इंजिन पाच मिनिटं तसंच चालू ठेवत, आणि तोवर खाली उतरून चाकांना हात लावत फिरत. ते मी त्या मे महिन्यातही विसरले होते. आता काटा सांगत होता: एकशे अठरा, मग पंधरा, मग बारा. चालू पंखा वारा घालत होता, तेल फिरत होतं, निवत होतं.

देवळातून घंटेचा आवाज आला. ओटीसाठी बायकांची रांग लागली होती. मी म्हटलं, चल, तोपर्यंत तू रांगेत उभी राहा, मी येते. ती हलली नाही.

"अजून शंभराच्या वर आहे," ती म्हणाली, आणि काट्यावर नजर ठेवून पिशवीतला नारळ काढून मांडीवर घेतला, त्याची शेंडी सारखी करू लागली.